शिंपल्यातले काळे दात

मिरजगावच्या पुढं हायवे सोडला की एक कच्चा रस्ता माळावर चढतो. तो संपतो तिथं राधाकृष्णशेटची पोल्ट्री आहे. दोन लांबलचक शेड, खाद्याचं गोदाम, पाण्याची टाकी आणि गोदामाला चिकटून एक पत्र्याची खोली. त्या खोलीत सहादेव राहतो. पाच हजार कोंबड्या आणि एक माणूस. कोंबड्यांचा कलकलाट त्याच्या इतका अंगवळणी पडलाय, की कलकलाट थांबला तरच तो दचकतो.

फाटकावर पाटी आहे. बाहेरच्या माणसांना आत येण्यास मनाई. पक्ष्यांना रोग लागू नये म्हणून शेटने लावलेली. आत शिरताच एक उथळ हौद, त्यात औषधाचं पाणी. येईल त्याने पाय बुडवून यायचं. खाद्याचा ट्रक, लस टोचणारा डॉक्टर आणि अंड्यांचा टेम्पो, एवढ्यांचेच पाय त्या पाण्यात बुडतात. सहादेवला ही पाटी बरी वाटते. आपल्याकडे कुणी का येत नाही, याचा विचार करावा लागत नाही. पाटी आहे म्हणून येत नाही.

त्याची बायको बनुबाई होती तेव्हा त्याला पाटीची गरज नव्हती. नवराबायको दोघं मिळून अंडी वेचायची, खाद्य कालवायची, पिंजऱ्यांखालची विष्ठा ओढायची. बनुबाईच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. थांबायचा तो फक्त तंबाखूची मिश्री लावताना. सकाळी एकदा आणि दुपारच्या चहानंतर एकदा ती उंबऱ्यावर बसायची, डबी उघडायची आणि तर्जनीनं दातांवरून मिश्री फिरवत माळाकडं बघत राहायची. दात काळेभोर झालेले. सहादेव कधी बोललाच, तर बोट तोंडातून न काढता ती म्हणायची, "त्वांड माझं, मिसरी माझी. तुमी तुमच्या कोंबड्यांचं बघा."

समोरच्या वरच्या दाताचा एक कोपरा तुटलेला होता. पोत्याची शिवण ती दातानं तोडायची. "इळा आनायला कोन जातंय," म्हणायची.

अंडी घालणाऱ्या कोंबडीला शिंपला लागतो. अंड्याचं कवच त्यातूनच घडतं. शेटकडं गुजरातच्या कुठल्याशा किनाऱ्यावरून शिंपल्याची पोती यायची. फुटके शंख, शिंपल्यांचा चुरा, वाळू, सगळं एकत्र. पोतं उसवलं की खारट, कुबट वास गोदामभर पसरायचा. सहादेवनं समुद्र पाहिलेला नाही. बनुबाईनंही नाही. पण पोतं उसवलं की ती नाक मुरडून म्हणायची, "आला बघा तुमचा समुद्र."

करोनाची दुसरी लाट आली तेव्हा दोघंही एकाच आठवड्यात तापानं फणफणले. सहादेवला तालुक्याच्या एका शाळेत ठेवलं. बनुबाईला धाप लागली, म्हणून नगरला नेलं. अँब्युलन्समध्ये चढवताना तिनं खुणेनं डबी मागितली. आतल्या माणसानं नको म्हणून मान हलवली. ती डबी सहादेवच्याच हातात राहिली.

पुढचं त्यानं शाळेतल्या खाटेवर ऐकलं. ती गेली. मृतदेह घरी देत नव्हते. जावई सुनील तेवढा श्रीगोंद्याहून जाऊन आला. त्यालाही लांबच उभं केलं. नंतर बनुबाईचं नाव घातलेलं राखेचं एक मडकं त्याच्या हाती दिलं. त्यानं ते भीमेत सोडलं.

सहादेव बरा होऊन आला तेव्हा सुनीलनं इतकंच सांगितलं, "सोडलं मामा, भीमेत." सांगताना त्यानं मान वर केली नाही. सहादेवनं विचारलं, "समदं नीट झालं ना?" सुनील म्हणाला, "झालं." आणि तो गाडी पुसायला लागला. गाडी स्वच्छच होती.

ती पुसलेली गाडी सहादेवच्या मनात घर करून बसली. त्या दिवसांत मोबाईलवर नद्यांत सोडलेल्या प्रेतांची नको नको ती चित्रं फिरत होती. तो बघायचा नाही म्हणायचा आणि बघायचा. सुनील काहीतरी लपवतोय, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. काय लपवतोय, हे विचारायची छाती झाली नाही. सुनीलचंही येणं हळूहळू कमी झालं. त्याच्याबरोबर पंकजाचंही. लेक फोनवर म्हणायची, "आबा, ह्यांना सुट्टीच मिळत नाही ओ फॅक्टरीतून." सहादेव म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. हितं तरी कुठं कुनाला आत घेत्यात."

मग एका दुपारी चाळणीत तो तुकडा आला.

शिंपला खाद्यात घालण्याआधी चाळावा लागतो. एखादा दगड गेला तर यंत्राचं पातं मोडतं. चाळणीवर उरलेले खडे सहादेव हातानं निवडत होता. त्यात एक काळा, तुकतुकीत तुकडा. नखाएवढा. एक बाजू गुळगुळीत, खालची खरखरीत. वरचा कोपरा तिरपा तुटलेला.

अंडं चिरलंय की नाही हे सहादेव डोळ्यांनी बघत नाही. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवून आवाज ऐकतो. त्यानं तो तुकडा खड्यावर टेकवून पाहिला. दगडाचा आवाज आला नाही. बॅटरी मागं धरली. कडेनं मधासारखा उजेड पाझरला. त्यानं तुकडा स्वतःच्या दातावर वाजवला. मग मात्र तो तिथंच पोत्यांवर बसला.

दात होता. काळा दात. मिश्रीचा.

दुसऱ्या कुणाच्या डोक्यात असलं काही आलं नसतं. पण सहादेवच्या घरात आई, आत्या, बायको, सगळ्यांचे दात असेच होते. काळा दात म्हटलं की बाईमाणूस, हे त्याच्या डोळ्यांनी लहानपणीच शिकून ठेवलेलं.

आणि त्याच्या लगेच मागोमाग दुसरी गोष्ट आठवली. आईला जाळल्यावर राख सावडायला तो चुलत्याबरोबर गेला होता. राखेत आईचे दोनतीन दात सापडले. ते पांढरे होते, जोंधळ्याच्या लाह्यांसारखे. तो चुलत्याला म्हणाला होता, "नाना, हे आईचं न्हाईत. आईचं काळं हुतं." नाना म्हणाले, "येडा का काय! जाळ मिसरी ठिवतो व्हय?"

म्हणजे पोत्यातल्या ह्या दातानं जाळ पाहिला नव्हता.

सहादेव त्या पोत्यांवर किती वेळ बसून होता कुणास ठाऊक. शेडमध्ये कोंबड्या खाद्यासाठी ओरडायला लागल्या. त्याला ऐकू येत होतं, उठवत नव्हतं. हा दात बनूचा असेल, तर बनू परत आली होती. पण मग तिला अग्नी मिळाला नव्हता. आणि तिचा नसेल, तर अग्नी मिळाला असेल, पण मग हातात काहीच नव्हतं. ह्यातलं काय खरं असावं असं आपल्याला वाटतं, हेच त्याला ठरवता येईना.

त्यानं दात धुतला. बनुबाईच्या मिश्रीच्या डबीत ठेवला.

त्यानंतर तो प्रत्येक पोतं वेगळ्याच नजरेनं चाळू लागला. तुकडे सापडत गेले. काही काळे, काही तपकिरी, काही राखाडी. कुणाची टोकं झिजून गोल झालेली, कुणाची नुसती कड उरलेली. डबी भरली. मग स्टीलची ताटली आली. आपण करतो ते खुळ्यासारखं आहे हे त्याला कळत होतं. पण दुपारी चहा झाला की तो ताटली पुढ्यात घेऊन बसायचा, आणि बसल्यावर बोलणं व्हायचंच.

"आज चार नंबरच्या लाइनीत लई फुटली अंडी. तुझ्यासारखी कुनी हाताळत न्हाई बघ."

"पंकीचा फोन आल्ता. पोराला ताप हाय म्हनं. आता बरा हाय."

गोदामात कॅमेरा होता. शेट नगरला राहायचे आणि मोबाईलवर पोल्ट्री बघायचे. एक दिवस त्यांचा फोन आला.

"सहादेव, आत कोण आलंय?"

"कुनी न्हाई शेट."

"मग बोलतोस कुणाशी?"

"कोंबड्यांशी."

"अरे, गोदामात कुठं आल्यात कोंबड्या?"

सहादेवनं ताटली पोत्यामागं सरकवली. शेट म्हणाले, "बरं बरं. तब्येत सांभाळ." त्या दिवसापासून तो कॅमेऱ्याकडं पाठ करून बसायला लागला.

इन्शाला हे सगळं कळलं ते एका फुटक्या ट्रेमुळं. इन्शा मिरजगावचे अंड्यांचे व्यापारी पीरमहंमद यांची मुलगी. नगरच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेली. वडिलांची कंबर धरली, भाऊ नव्हता, म्हणून टेम्पो तीच चालवायला लागली. पहिल्यांदा ती एकटी टेम्पो घेऊन फाटकात आली, तेव्हा सहादेव तिच्या मागं बघत म्हणाला होता, "डायवर कुठाय?"

"डायवर तुमच्यासमोर उभाय काका. आता पाय बुडवू का परत जाऊ?"

तेव्हापासून दोघांचं जमलं. ती आली की अंडी भरता भरता गावातल्या बातम्या सांगायची. तो ऐकायचा. दहा वाक्यांवर त्याचं एक.

त्या दिवशी भरताना एक ट्रे फाटला. दुसरा रिकामा ट्रे आणायला ती गोदामात गेली आणि ताटली तिच्या दृष्टीस पडली.

"काका, हे काय गोळा केलंय?"

सहादेव धावतच आला. पण तिनं एक तुकडा उचललाही होता.

"ठिव त्यो खाली."

त्याचा तसा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं तुकडा ठेवला.

"दात हाईत," सहादेव म्हणाला. "मिसरी लावनाऱ्या बाईचे."

"कुठल्या बाईचे?"

त्याची नजर ताटलीशेजारच्या डबीवर गेली. इन्शानं ती डबी ओळखली. बनुबाईला तिनं पाहिलेलं होतं. लहानपणी वडिलांबरोबर टेम्पोत बसून यायची, तेव्हा बनुबाई तिला उकडलेलं अंडं सोलून द्यायची. ती तिथंच एका पोत्यावर टेकली. मग सहादेवनं सांगितलं. मडकं, सुनीलची गाडी, आईचे पांढरे दात, सगळं. बनुबाई गेल्यापासून इतकं सलग तो कुणाशी बोलला नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "काका, इतके दात एका बाईच्या तोंडात असतात का?"

"तुकडे हाईत पोरी. एकाचे चार झाल्यात."

"पोती गुजरातची. भीमा तर पार तिकडं पूर्वेला जाते."

"समुद्र एकच हाय ना?"

तिनं हळूच विचारलं, "फोटो काढू का?" सहादेवनं बराच विचार करून मान डोलावली.

पुढच्या खेपेला ती आली ती फाटकातूनच बोलत. "मोबाईलला विचारलं काका. एकदा म्हणाला गारगोटी. एकदा म्हणाला बाणाचं टोक. एकदा म्हणाला चॉकलेटचा तुकडा."

सहादेवला हसू आलं. मग आपण हसलो म्हणून ओशाळल्यासारखं झालं.

"मग कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांना पाठवले." तिनं पाय पुसले. तिच्या आवाजातली घाई गेली. "ते म्हणाले, शार्कचे असतील. मोठा मासा असतो तो. समुद्रात त्याचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात. हे लई जुने. लाखो वर्षं गाळात पडून काळे झालेले. नंतर लाटांनी घासून घासून झिजलेले."

"फोटो बघून सांगितलं?"

"फोटोवरून नक्की सांगत नाही म्हणाले. हातात घेऊन बघायला सांगितलंय. कसं बघायचं तेही सांगितलं."

"मग बगू की," सहादेव म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता की इन्शाला वाटलं, आपण हे आणायलाच नको होतं.

त्यांनी अंड्यांचा रिकामा ट्रे मध्ये ठेवला. एकेका खळग्यात एकेक तुकडा. इन्शा सरांचं बोलणं मोबाईलवर लावायची, थांबवायची. पहिल्यांदा, जे दात नाहीत ते बाजूला काढा. सहादेवनं टेकवून टेकवून आवाज ऐकले. काही खडे निघाले. काही काळे पडलेले शिंपले. एक तर गंजलेल्या खिळ्याचं डोकं होतं. ते बाजूला टाकताना त्याला वाईट वाटलं. ह्या खिळ्याशीसुद्धा आपण बोललो असू.

मग चमक. दाताची चमक जिथं संपते तिथं एक रेघ असते, खाली मुळाचा भाग मातकट आणि भोकाभोकांचा. बऱ्याच तुकड्यांवर रेघ झिजून गेली होती. काहींवर होती.

मग आकार. माणसाचा समोरचा दात खाली खुंटीसारखा निमुळता होत जातो. शार्कच्या दाताला तशी खुंटी नसते. तो पात्यासारखा चपटा, मूळ आडवं पसरलेलं, बैलाच्या शिंगांसारखं दोन बाजूंना. इन्शानं बोटांनी आकार करून दाखवला. ट्रेमधल्या एकाच तुकड्याचं मूळ अर्धं शाबूत होतं. एक शिंग उरलेलं.

सहादेव म्हणाला, "हे एक असंल माशाचं. बाकीच्याचं काय?"

"कडा बघायच्या. शार्कच्या दाताला करवतीसारखी बारीक धार असते. झिजून गेली असेल तर दिसत नाही. एखाद्या खोबणीत उरलेली असते."

दोघांनी उजेडात धरून पाहिलं. काही दिसेना. सहादेवनं नख फिरवून पाहिलं. नख जाड, भेगाळलेलं. त्याला काही कळेना. मग तो उठला, शेडच्या दारातून एक पांढरं पीस उचलून आणलं, झटकलं, आणि डबीतला पहिला तुकडा काढला. तिरप्या कोपऱ्याचा.

पिसाची कड त्यानं दाताच्या कडेवरून ओढली. ती सुळकन सरकली. पुन्हा ओढली. सरकली. त्याचा श्वास जरा मोकळा झाला, की अडकला, इन्शाला कळलं नाही. मग त्यानं तुकडा उलटा केला आणि मुळाच्या लगतच्या कडेवरून पीस ओढलं. तिथं ते अडकलं. त्यानं हलकेच ओढलं. पिसाचे धागे एकामागून एक सुटत गेले, कंगव्यातून केस सुटावेत तसे.

त्यानं पुन्हा ओढलं. पुन्हा अडकलं.

"करवत हाय," तो म्हणाला.

इन्शानं मान डोलावली. तिचे डोळे भरले होते. तिनं ते ओढणीनं टिपले नाहीत, कारण मग त्याला दिसलं असतं.

"मंजी मिसरी न्हाई."

"नाही काका."

"मासाच."

"कुठला मासा ते सर सांगत नाहीत. लईच झिजलाय म्हणतात. पण मासाच."

सहादेवनं बाकीचे तुकडेही एकेक करून पिसाखाली घातले. काहींवर अडकलं, बऱ्याचशांवर नाही. पण तेही तसेच चपटे, तसेच पात्यासारखे. आता ते दिसत होतं. इतके दिवस कसं दिसलं नाही, असं त्यालाच वाटलं. त्यानं डबीतला तुकडाही ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे इन्शाच्या पुढं सरकवला.

"तुमच्या सरांना दे."

"सगळे?"

"मला माशाचं दात काय करायचंत?"

ती ट्रे घेऊन टेम्पोपर्यंत गेली. परत आली. म्हणाली, "काका, आमच्यात पुरतात. दादी गेली तेव्हा मीही फार लांबून बघितलं. करोनातच गेली. अब्बा अजून म्हणतात, माती द्यायला मिळाली नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही जावयांना एकदा विचारून का बघत नाही?"

"काय इच्यारू?"

"मडक्यात काय होतं ते."

टेम्पो उताराला लागून दिसेनासा झाला. सहादेवनं चार वाजताचा शिंपला कोंबड्यांना टाकला. पिंजऱ्यांच्या रांगांमधून जाताना मुठीतून चुरा सुटत होता, चोची पन्हळीवर वाजत होत्या. रांग संपली. त्यानं हात झटकले आणि टाकीच्या सावलीत उभं राहून फोन लावला. पंकजाला नाही. सुनीलला.

"बोला मामा." मागं फॅक्टरीचा घरघराट होता. "सगळं ठीक ना?"

"ठीक हाय. सुनीलराव, एक इच्यारायचं हुतं."

"विचारा की."

"त्या मडक्यात काय हुतं?"

घरघराट तेवढा ऐकू येत राहिला. सुनील चालत बाहेर आला असावा, कारण तो आवाज हळूहळू लांब गेला.

"तुम्हाला कुणी सांगितलं मामा?"

"कुनी न्हाई. तुमीच सांगा."

"मी सांगणार होतो. दरवेळी ठरवून यायचो. मग तुमच्याकडं बघून धीर व्हायचा नाही." मग तो म्हणाला, "मडक्यावर नाव मामींचंच होतं. पण नदीत उतरल्यावर मी फडकं सोडून आत बघितलं. बघायला नको होतं. राखेत दात होते मामा. दोन. पांढरेशुभ्र."

सहादेवनं टाकीचा पाइप धरला.

"मामींचे दात कसे होते ते मला ठाऊक नाही का? लग्नात आमच्या माणसांनी चेष्टा केली होती त्यावरून. मामी नव्हत्याच त्या मडक्यात. कुणाचं तरी दिलं होतं मला. परत जाऊन भांडावं म्हटलं, पण कुणाशी भांडणार, तिथली ती अवस्था... मग म्हटलं, कुणाची का असेना, कुणाची तरी आईच असेल. हात जोडले आणि सोडलं. पंकजालासुद्धा सांगितलं नाही. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

"किती हुते म्हनलात?"

"दोन."

"त्यात यकाचा कोपरा तुटल्याला हुता का?"

"तेवढं नाही बघवलं मामा."

सुनील "हॅलो, हॅलो" करत होता.

"सुनीलराव, तुमी ह्याच्याआदी कुनाची राख सावडलीया?"

"नाही. वडील माझ्या लहानपणी गेले."

"माझी आय मिसरी लावायची. बनूपक्षा काळं दात. तिची राख म्या सावडलीय ह्या हातानं. पांढरं निघालं दात. लाह्यांवानी." त्याचा आवाज फाटला. त्यानं तो सावरला. "जाळात मिसरी ऱ्हात न्हाई, सुनीलराव."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पांढरंच हुतं ना?"

"हो मामा. पांढरेच."

"मंग ती तीच."

सुनील रडायला लागला. मोठा माणूस फोनवर रडतो तेव्हा आधी खोकल्यासारखा आवाज येतो. सहादेव ऐकत उभा राहिला. त्याला स्वतःला रडू आलं नाही. सुनील रडतोय तोवर फोन ठेवायचा नाही, एवढंच त्याला कळत होतं. मग सुनील म्हणाला, "मामा, रविवारी येऊ का आम्ही? पोराला घेऊन?"

"या की."

"तुमच्याकडं आत घेत नाहीत ना?"

"पाय बुडवून या," सहादेव म्हणाला.

त्या रविवारी ती तिघं आली. पंकजानं खोली झाडली, आईचं लुगडं उन्हात टाकलं, पुन्हा घडी घातली. सुनील कोपऱ्यातल्या डबीपाशी थोडा वेळ उभा राहिला. नातवाचे पाय औषधाच्या पाण्यात तीनतीनदा बुडवून झाले. संध्याकाळी तिघं गेली. गाडीचा आवाज हायवेला मिसळला, आणि माळावर होती तेवढीच शांतता परत आली. फोनवर आता सुनील आधी बोलतो, मग पंकजा. पण फोन ठेवला की ठेवला.

डबी रिकामी आहे. सहादेवनं ती धुतलेली नाही. झाकण काढलं तर अजून मिश्रीचा वास येतो.

दुपारी चहा झाला की तो गोदामात येऊन बसतो. ताटली नाही, काही नाही. एकदोनदा तोंड उघडलं गेलं. "आज चार नंबरच्या..." एवढं म्हणून तो थांबला. सांगणार कुणाला? ती भीमेतून गेली. अग्नी मिळून, नीट, रीतसर गेली. हेच तर हवं होतं.

मागच्या आठवड्यात शेटचा फोन आला.

"सहादेव, काय रे, बरा आहेस ना?"

"बरा हाय की. का?"

"काही नाही. कॅमेऱ्यात बघत होतो. हल्ली बोलत नाहीस तू कुणाशी."

सहादेवनं वर कॅमेऱ्याकडं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"शेट," तो म्हणाला, "शिंपला संपत आलाय. गाडी कवा येनार?"